साध्या कबरींचा हिशेब

खुलताबादला शेख झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात, एका कोपऱ्यात, औरंगजेबाची कबर आहे. ताजमहाल किंवा हुमायूनचा मकबरा पाहून आलेल्याचा इथे विरस होतो. घुमट नाही, कमान नाही, कोरीव संगमरवरी पेटी नाही. मधोमध मातीचा लांबट वाफा, त्यात सब्जाचे रोप, बहुधा वर पांढरी चादर, आणि डोक्यावर उघडे आभाळ. या वाफ्याकडे पाहून लोक दोन निष्कर्ष काढतात. काहींना त्यात फकिरी वृत्तीचा, टोप्या शिवून पोट भरणारा बादशहा दिसतो. काहींना दक्षिण जिंकायला आलेल्या आणि दक्षिणेच्याच मातीत हात टेकलेल्या माणसाची दैना दिसते. दोघांचे एकमेकांशी हाडवैर असले तरी एक गोष्ट दोघेही धरून चालतात, की कबर ही आत झोपलेल्या माणसाबद्दल बोलते. मला हे गृहीतकच कच्चे वाटते. मुघल घराण्यातल्या कबरी एकापुढे एक ठेवून पाहिल्या, तर त्या मेलेल्यापेक्षा मागे उरलेल्यांबद्दल जास्त सांगतात. कोणती अंतिम इच्छा पाळणे सोयीचे होते, कोणती नव्हती, आणि पाळलेली इच्छासुद्धा पुढे कोणी कशी बदलून घेतली, हे त्यांत वाचता येते.

औरंगजेबाच्या मृत्युपत्राची कथा आपल्याकडे बहुतेकांनी ऐकलेली असते. टोप्या शिवून मिळालेले ४ रुपये २ आणे महालदार आया बेगकडे आहेत, ते कफनाला वापरावेत; कुराणाच्या नकला करून मिळालेले ३०५ रुपये फकिरांत वाटावेत; शवपेटीवर जाडेभरडे गजीचे कापड घालावे, वर छत धरू नये, गाणारे-वाजवणारे आणू नयेत, आणि या वाट चुकलेल्या माणसाला उघड्या डोक्याने पुरावे, असा त्याचा आशय. हे मृत्युपत्र ‘अहकाम-ए-आलमगिरी’ या आख्यायिकावजा संग्रहात येते. जदुनाथ सरकारांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि तिथून ते सगळीकडे पसरले. या संग्रहाच्या विश्वासार्हतेबद्दल अभ्यासकांनी शंका घेतलेल्या आहेत, आणि त्या रास्त आहेत. कफनाची रक्कम थेट आण्यापर्यंत सांगणारा मजकूर जरा जास्तच नेटका वाटतो. पण त्यामुळे कबरीच्या साधेपणाचा पुरावा ढासळत नाही. साकी मुस्तैद खानाचा ‘मआसिर-ए-आलमगिरी’ हा ग्रंथ बादशहाच्या मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांतच पुरा झाला. बादशहाने हयातीतच ही जागा तयार करून घेतली होती, असे तो सांगतो, आणि वर कबरीची मापेही देतो: लाल दगडाचा चबुतरा, लांबी ३ गजांपेक्षा जास्त नाही, रुंदी अडीच गज, उंची काही बोटे, मधे पोकळी ठेवून तीत माती भरलेली आणि रैहान लावलेला. रैहान म्हणजे आपला सब्जाच. टोप्यांचे पैसे खरे असोत वा नसोत, वाफा त्या काळापासूनचा आहे.

औरंगजेब वारला ३ मार्च १७०७ रोजी, नगरजवळ भिंगारच्या छावणीत. त्याच्या मागे आणखी एक कागद निघाल्याचे सांगतात, साम्राज्य मुलांत वाटून देण्याचा. आता या दोन इच्छांचे पुढे काय झाले ते पाहा. मुलगा आझम याला बापाने नुकतेच माळव्याकडे रवाना केले होते. तो फार लांब गेला नव्हता. बातमी कळताच तो माघारी फिरला, त्याने बापाचे शव खुलताबादला पाठवले, आणि नगरलाच स्वतःच्या नावाची द्वाही फिरवली. कबरीची इच्छा अक्षरशः पाळली गेली. वाटणीची इच्छा पहिल्या दिवसापासून धाब्यावर बसली. जून १७०७ मध्ये आग्र्याजवळ जाजऊच्या रणात आझम थोरला भाऊ मुअज्जम याच्याकडून हरला आणि मारला गेला. धाकटा कामबक्ष १७०९ च्या जानेवारीत हैदराबादजवळ संपला. ज्या मुलाने बापाला अगदी सांगितल्याप्रमाणे मातीत ठेवले, त्यानेच बापाचा दुसरा शब्द चार दिवससुद्धा पाळला नाही. यात आझमची पितृभक्ती शोधणे व्यर्थ आहे. साध्या कबरीला पैसा लागत नव्हता, वेळ लागत नव्हता, आणि सिंहासनाकडे धावत सुटलेल्या माणसाला या दोन्हींची टंचाई होती. शिवाय जागा बापाने आधीच करून ठेवलेली होती.

आता कोणी म्हणेल, साधी कबर ही इस्लामची शिकवणच आहे, तिला ‘इच्छा’ म्हणून एवढे महत्त्व कशाला? कबरीवर पक्के बांधकाम करू नये असे मानणारी कडवी परंपरा आहे आणि औरंगजेब धर्माच्या बाबतीत कर्मठ होता, हे खरेच. पण मग खुलताबादेपासून तासाभराच्या वाटेवर, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बीबी का मकबरा कसा उभा राहिला? औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली आणि त्याच्याच कारकिर्दीत, १६६१ च्या सुमारास, तिच्यावर घुमट चढला. ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा अताउल्ला याने त्याची आखणी केली, आणि खर्च साडेसहा लाख रुपयांच्या वर गेला. याचे श्रेय पुष्कळदा आझमला दिले जाते. पण आझमचा जन्म १६५३ चा, तेव्हा आठ वर्षांच्या मुलाला एवढी मोठी इमारत बहाल करताना जरा जपून राहावे. मुद्दा एवढाच, की शिकवण एकच असताना एकाच घरात एका कबरीवर घुमट आला आणि दुसरीवर सब्जा. धर्माने दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या होत्या. निवड माणसांनी केली.

ही निवड औरंगजेबाने शून्यातून केलेली नव्हती. उघड्या आभाळाखाली पुरले जाण्याची हौस त्या घराण्यात पहिल्या पुरुषापासून आहे. बाबर डिसेंबर १५३० मध्ये आग्र्यात वारला. त्याला हिंदुस्थानचा उन्हाळा, धूळ आणि खरबुजांचा अभाव कधीच सोसला नव्हता. त्याचा जीव काबूलच्या बागेत होता आणि तिथेच, वर काही न बांधता, पुरावे अशी त्याची इच्छा होती. पण त्याला आधी ठेवले आग्र्याच्या बागेत. हुमायूनला गादी सांभाळायची होती, आणि थोड्याच वर्षांत शेरशहाने ती हिसकावून घेतली. बापाचे शव काबूलला नेणे ही पोराच्या यादीतली शेवटची बाब होती. काम झाले ते दहा-बारा वर्षांनी, आणि परंपरेने त्याचे श्रेय बाबराची अफगाण बेगम बीबी मुबारिका हिला जाते. इथवर कथा गोड आहे. पुढचा भाग कमी सांगितला जातो. १६०७ मध्ये पणतू जहाँगीर काबूलला गेला, तेव्हा त्याने कबरीला लेखासहित शिळा बसवली. त्यानंतर शहाजहानने १६४६-४७ मध्ये शेजारी संगमरवरी मशीद बांधली आणि कबरीभोवतीही संगमरवर आला. बल्ख-बदख्शानवर स्वारी करणाऱ्या शहाजहानला मध्य आशियातला पूर्वज जगाला दाखवायचा होता. बाबराने साधेपणा मागितला होता, पणतूच्या मुलाने त्याला कुंपण दिले. मूळची जाळी पुढे नाहीशी झाली. आज दिसते ती अलीकडच्या जीर्णोद्धारातली.

जहाँगीरचेही तसेच. १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना तो वारला आणि लाहोरजवळ शहादऱ्याला त्याला पुरले. पणज्याप्रमाणे आपल्याही कबरीवर पाऊस आणि दव पडावे अशी त्याची इच्छा दरबारी इतिहासकारांनी नोंदली आहे. शहाजहानला ती अडचणीची होती. बापाची इच्छा मोडणे शोभणार नव्हते आणि बापाला मातीचा ढीग देणे तर त्याहून नाही, कारण याच बापाविरुद्ध त्याने बंड केलेले होते आणि भाऊबंदांचे रक्त सांडून तो गादीवर आला होता. तोड मोठी हुशारीची निघाली: घुमट टाळला, सपाट छताची प्रचंड चौरस इमारत बांधली, चार कोपऱ्यांना मनोरे दिले. काम दहा वर्षे चालले. इच्छेचा शब्द पाळला आणि थाटही झाला. मृत्युपत्राचा अर्थ लावणाऱ्या वकिलाची ही बुद्धी आहे. आणि ज्या बांधकामाला शहाजहानचे नाव कायमचे चिकटले त्याचे काय? मुमताजने मरताना जगात तोड नसलेली कबर मागितली, ही कथा नंतरच्या रचनाकारांची आहे. अंतिम इच्छा पाळली जाते तशी ती मागाहून बनवलीही जाते.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप जहाँआराच्या रूपाने समोर येतो. शहाजहानची ही थोरली मुलगी १६८१ मध्ये वारली आणि दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात पुरली गेली. तिची कबर संगमरवरी जाळीच्या लहानशा आवारात आहे, वर छप्पर नाही, आणि पेटीच्या वरच्या भागात माती भरून हिरवळीला जागा ठेवलेली आहे. उशाशी फारसी लेख आहे. हिरवळीवाचून दुसऱ्या कशाने माझी कबर झाकू नका, गरिबाला तेवढेच आच्छादन पुरे, अशा अर्थाचा. हा लेख तिचाच मानला जातो. इथे तर मृत व्यक्ती स्वतः, स्वतःच्या शब्दांत बोलते आहे. वारसांचा संबंध कुठे येतो? पण जहाँआराने ही जागा जिवंतपणीच बांधून घेतली होती, आणि का घेतली हे तिच्या आयुष्यात डोकावले की कळते. १६६६ मध्ये आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत असलेला शहाजहान वारला, तेव्हा बापाची अंत्ययात्रा बादशहाला साजेशी निघावी असे तिच्या मनात होते. तसे काही झाले नाही. शव गाजावाजा न करता नदीमार्गे ताजमध्ये नेऊन बेगमेच्या बाजूला ठेवले. त्या घुमटाखाली मुमताजची कबर अगदी मध्यावर आहे आणि शहाजहानची पश्चिमेला सरकवल्यासारखी. पूर्ण समतोलाच्या त्या इमारतीत समतोल ढळतो तो तेवढाच. इतरांच्या भरवशावर सोडलेल्या इच्छेचे काय होते, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते.

तरीही तिची एक इच्छा मागे उरलेल्यांच्या हातात राहिलीच. दर्ग्याच्या सेवेकऱ्यांना तीन कोटी रुपये द्यावेत असे तिने सांगून ठेवल्याचे नमूद आहे. शरियतप्रमाणे मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भागाचे मृत्युपत्र करता येत नाही. औरंगजेबाने कायद्यावर बोट ठेवले आणि एक कोटीच मंजूर केले. कबरीवरच्या गवताला मात्र कोणी हरकत घेतली नाही. गवतावर एक तृतीयांशाचा नियम कोण लावणार! बहिणीच्या मृत्युपत्राला कात्री लावणारा हा भाऊ पुढे स्वतःसाठी तसाच मातीचा वाफा निवडतो, आणि तोही त्याच सिलसिल्याच्या छायेत. खुलताबादचे झैनुद्दीन हे बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे शिष्य, आणि बुऱ्हाणुद्दीन हे दिल्लीच्या निजामुद्दीनांचे. भाऊ दारा शुकोह याची पाठराखण करणारी बहीण आणि दाराचा शिरच्छेद करवणारा भाऊ चिश्ती परंपरेच्या दोन दर्ग्यांत सारख्याच मातीखाली आहेत. कबरीच्या घाटावरून स्वभाव ओळखू पाहणाऱ्याने या भावा-बहिणीचा स्वभाव एकच होता असे म्हणून दाखवावे.

साध्या कबरीतून माणूस वाचता येत नाही याचा याहून ठसठशीत पुरावा खुद्द खुलताबादेतच आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह १६८७ मध्ये औरंगजेबाच्या हाती लागला. दौलताबादच्या किल्ल्यात सुमारे बारा वर्षे कैद भोगून तो वारला आणि खुलताबादला पुरला गेला. त्याचे पूर्वज गोवळकोंड्याच्या पायथ्याशी उंच घुमटांखाली ओळीने झोपले आहेत. त्या ओळीत त्याला जागा मिळाली नाही. म्हणजे एकाच गावात कैदी आणि कैद करणारा, दोघांच्याही कबरी साध्या. एकाने साधेपणा मागून घेतला, दुसऱ्यावर तो लादला गेला. माहिती काढून घेतली आणि नुसते दगड ठेवले, तर कोणती कबर पुण्याईची आणि कोणती पराभवाची हे ओळखता येणार नाही.

गवताचा हाच घाट १८६२ मध्ये शिक्षा म्हणून वापरला गेला. बहादूरशहा जफरने मेहरौलीला कुतबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्यालगत, आपल्या पूर्वजांच्या कबरींशेजारी, स्वतःसाठी जागा राखून ठेवली होती. ७ नोव्हेंबर १८६२ रोजी तो रंगूनच्या कैदेत वारला आणि त्याच दिवशी, पहाऱ्याच्या आवाराच्या मागे, जमिनीच्या पातळीत पुरला गेला. कैद्यांवर देखरेख करणाऱ्या कॅप्टन डेव्हिसने वर कळवले ते असे, की भोवतीचे बांबूचे कुंपण कुजेपर्यंत गवत पसरलेले असेल आणि शेवटचा मुघल कुठे आहे हे सांगायला खूण उरणार नाही. हिरवळीचे जे आच्छादन जहाँआराने हौसेने मागितले, तेच इंग्रजांनी हुकमाने घातले. खूण बुजली, पण मतलब साधला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लोकांच्या आग्रहामुळे सरकारला तिथे दगड बसवू द्यावा लागला, दुसऱ्या महायुद्धात सुभाषबाबूंनी तिथे जाऊन मानवंदना दिली, आणि १९९१ मध्ये बांधकामाची खोदाई चालू असताना मूळ विटांची कबर थोड्या अंतरावर सापडली. मायदेशी दोन हात जमीन मिळाली नाही म्हणून हळहळणारी जी गझल जफरच्या नावावर सगळे गातात, ती त्याची नसावी असे अनेक उर्दू अभ्यासकांचे मत आहे. पटते. मुमताजसारखी त्यालाही अंतिम इच्छा मागाहून मिळाली.

रंगूनची ही गोष्ट रत्नागिरीत उलट फिरली. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून तिथे नजरकैदेत होता. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. घरच्यांनी त्याला मायदेशी नेण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. राणी सुपयालतने मग दफनच करू दिले नाही. शवपेटी दोन वर्षांहून अधिक काळ तशीच ठेवली गेली. अखेर १९१९ मध्ये सरकारने तिच्याभोवती थडगे बांधून विषय मिटवला. सुपयालत रंगूनला परतली, १९२५ मध्ये वारली, आणि तिलाही मंडालेची माती मिळाली नाही. मंडालेत राजाची कबर झाली असती तर ती यात्रेची जागा झाली असती, हे सरकार पक्के जाणून होते. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन गेले, यावरून ती भीती निराधार नव्हती असेच म्हणावे लागेल.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, की ही फार कोरडी नजर झाली. माणसे प्रेमापोटीही मेलेल्याचा शब्द पाळतात. पाळतात, आणि वरच्या हकिकतींतच त्याची दोन उदाहरणे आहेत. बाबराला काबूलला नेण्यात बीबी मुबारिकाला राज्य मिळणार नव्हते. सुपयालतला दोन वर्षे शवपेटी अडवून धरण्यात मनस्तापाखेरीज काही मिळाले नाही. पण या दोघींचे प्रेम आपल्याला ओळखता येते ते त्यांना पडलेल्या किमतीमुळे, कबरीच्या घाटामुळे नव्हे. काबूलची कबर आझमने खुलताबादला केलेल्या दफनाइतकीच साधी होती. फरक तिथवर पोचण्याच्या कष्टांत आहे. म्हणून इतिहास वाचणाऱ्याने विचारायचे ते असे: ही इच्छा पाळायला कोणाला काय पडले, आणि ती बदलून कोणाला काय मिळाले?

हाच प्रश्न पुन्हा खुलताबादला विचारून पाहा. आज कबरीभोवती जी पांढरी जाळी आणि फरशी दिसते, तिची नोंद साकी मुस्तैद खानाच्या वर्णनात नाही. ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतली आहे. व्हाइसरॉय कर्झनच्या सूचनेवरून निजामाने ती करवली असे सांगतात. कर्झनला जुन्या इमारतींची निगा राखण्याचा ध्यास होता आणि बादशहाची कबर अशी उघडी पाहून त्याला चैन पडले नसावे. निजामाचे कारण जवळचे होते. त्याच्या घराण्याचा संस्थापक निजाम-उल-मुल्क हा औरंगजेबाच्या पदरी वाढलेला सरदार, आणि तो स्वतः याच गावात बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्यात पुरलेला आहे. धन्याची कबर सजवली की चाकराच्या वंशाची पत आपोआप वाढते. शहाजहानने काबूलला केले तेच इथे झाले. मुघल कैदेतून सुटल्यानंतर शाहू महाराज या कबरीला भेट देऊन गेल्याचे इतिहासकार सांगतात, तेव्हा त्यांच्यासमोर ही जाळी नव्हती. मार्च २०२५ मध्ये कबर हटवा म्हणून महाराष्ट्र तापला आणि नागपुरात दंगल उसळली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून फिरलेल्या छायाचित्रांत मात्र ही जाळी ठळक होती. एका बाजूने तिच्यात औरंगजेबाचे उदात्तीकरण पाहिले, दुसऱ्या बाजूने बादशहाची साधी राहणी. ज्या संगमरवरावरून हा वाद चालला तो बादशहाने मागितलेला नव्हता आणि त्याच्या मुलांनी दिलेलाही नव्हता. ही राष्ट्रीय संरक्षित वास्तू आहे, तेव्हा पुरातत्त्व खात्याकडे एक मागणी करता येईल: खुलताबादच्या फलकावर मृत्यूची तारीख असू द्या, पण लाल चबुतरा कोणाचा आणि पांढरी जाळी कोणाची व कधीची, हेही तितक्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत, लिहा.